‘रेड’च्या पणजोबाला चांदणी का लावतात?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘सुप्रभात’च्या फुलांना एक नवा जोडीदार मिळाला: भाषेचे फॉरवर्ड. परवाचा असा होता – इंग्रजी ही संस्कृतचीच लेक आहे. पुरावा म्हणून ‘रुधिर’वरून रेड, ‘विधवा’वरून विडो, ‘दंत’वरून डेंटिस्ट. खाली नेहमीप्रमाणे ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

मी पुढे पाठवलं नाही. शब्दांच्या मुळांचा एक कोश उघडला आणि ‘रेड’ची नोंद ग्रुपवर टाकली. तिथे रुधिर जवळपास होतं, पण मुळाच्या जागी नव्हतं. मुळाच्या जागी होता एक विचित्र शब्द, आणि त्याच्या डोक्यावर चांदणी: *रौदझ. दोन मिनिटांत तळमजल्यावरच्या काकांचा प्रश्न आला, “हा स्टार कसला? जाहिरातीत असतो तसा, अटी लागू?”

काकांनी गंमत केली होती, पण भाषाशास्त्रज्ञ चांदणी जवळजवळ याच अर्थाने वापरतात. ‘अटी लागू’चं तपशीलवार पत्रक मात्र कुणी वाचत नाही, म्हणून ते इथे उलगडतो.

चांदणी म्हणजे ‘लिहिलेला सापडला नाही’

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, आइसलँडिक या भाषा एकमेकींच्या बहिणी. त्यांच्या आईला आदिजर्मानिक म्हणतात. ही भाषा इसवीसनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासपासून पुढची काही शतकं डेन्मार्क, स्वीडनचा दक्षिण भाग आणि जर्मनीचा उत्तर भाग इथे बोलली जात होती. आपल्याकडे सातवाहनांचे शिलालेख कोरले जात होते, तेव्हा ती तिच्या शेवटच्या टप्प्यात होती. फरक असा की सातवाहनांनी नाणेघाटात लिहून ठेवलं आणि या लोकांनी काहीच लिहून ठेवलं नाही. त्यांच्या भाषेतला एकही मजकूर आपल्या हाती नाही.

मग शब्द आला कुठून? मुलींची तुलना करून. अशा तुलनेतून बांधलेल्या रूपाला पुनर्रचित रूप म्हणतात, आणि ते कागदावर उतरवताना आधी चांदणी लावायची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऑगस्ट श्लायशर या जर्मन अभ्यासकाने रूढ केली. चांदणी सांगते, ‘हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, आम्ही ते मागे चालत जाऊन काढलं आहे.’

हे आपल्याला परकं वाटायला नको. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, तीही याच जातीची मेहनत होती. मूळ पोथी कुणाकडेच नाही. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या बाराशेहून अधिक पोथ्या समोर. त्या ताडून सगळ्यांच्या मागचा पाठ ठरवायचा. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी या कामाची शिस्त घालून दिली. जिथे पाठाची पुरेशी खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. ती रेघ आणि ही चांदणी एकाच स्वभावाच्या. (त्या आवृत्तीत चांदणीही आहे, पण तिचा अर्थ वेगळा: मागाहून घुसलेल्या ओळी तळटिपेत टाकून त्यांना ती लावली आहे. एकच खूण, दोन खाती, दोन अर्थ.)

आधी घरचा प्रयोग

जर्मानिक भाषांकडे जाण्याआधी ही पद्धत चालते का, ते आपल्या भाषांवर तपासू. इथे उत्तर आपल्याला माहीत असल्यामुळे फसवाफसवी करता येणार नाही.

समजा, जुनी कागदपत्रं सगळी जळून गेली. हाताशी फक्त आजची मराठी, हिंदी आणि पंजाबी आहे. आपण म्हणतो सात, आठ, हात, दूध. हिंदीत सात, आठ, हाथ, दूध. पंजाबीत मात्र सत्त, अट्ठ, हत्थ, दुद्ध. लक्षात येतं की मराठी-हिंदीत जिथे दीर्घ स्वर आणि साधं व्यंजन आहे, तिथे पंजाबीत ऱ्हस्व स्वर आणि जोड व्यंजन आहे. एकदा नव्हे, दरवेळी. मग अंदाज बांधायचा: तिघींच्या आईकडे जोड व्यंजन असावं, पंजाबीने ते राखलं, इतर दोघींनी व्यंजनाचं अर्धं वजन उतरवून स्वरावर टाकलं. ‘हात’मध्ये हिंदीने ‘थ’ ठेवला आहे, पंजाबीनेही. म्हणजे तो मुळात होता आणि मराठीने सोडला. तर आपण चांदणी लावून लिहू: *सत्त, *अट्ठ, *हत्थ, *दुद्ध.

आता जळालेली कागदपत्रं परत आणा. प्राकृतात काय आहे? सत्त, अट्ठ, हत्थ, दुद्ध. तंतोतंत.

पण याच प्रयोगात पद्धतीची मर्यादाही दिसते, आणि ती मला यशापेक्षा महत्त्वाची वाटते. संस्कृतात शब्द आहेत सप्त, अष्ट, हस्त, दुग्ध. केवळ या तीन भाषांवरून ‘सप्त’मधला ‘प’ तुम्हाला जन्मात सापडला नसता. ‘हस्त’मधला ‘स’ही नाही. तिघींनीही ते हरवले आहेत. जे सगळ्या मुलींकडून गेलं, ते तुलनेतून परत येत नाही. म्हणजे पुनर्रचित शब्द खोटा नसतो, पण तो अपुरा असू शकतो. चांदणीतल्या अटींपैकी पहिली अट ही.

आता लाल रंगाकडे

इंग्रजी रेड, जर्मन रोट, डच रोड, स्वीडिश रड (‘र’ नंतरचा स्वर ओठ गोल करून काढायचा), आइसलँडिक रौदुर. केवळ एवढ्यावर कुणी म्हणेल, लाल रंगाला ‘र’ हा योगायोग असेल. म्हणून एकटा शब्द कधी तपासायचा नाही. त्याच्या रांगेतले तपासायचे.

‘मेलेला’ या अर्थाचा शब्द घ्या: इंग्रजी डेड, जर्मन टोट, डच डोड, आइसलँडिक दौदुर. ‘भाकरी’ किंवा ‘पाव’ या अर्थाचा घ्या: इंग्रजी ब्रेड, जर्मन ब्रोट, डच ब्रोड, आइसलँडिक ब्रौद. तिन्ही रांगा वरून खाली वाचा. इंग्रजीत ‘ए’ आणि ‘ड’, जर्मनमध्ये ‘ओ’ आणि ‘ट’, डचमध्ये लिहिताना ‘ओ’ आणि ‘ड’, आइसलँडिकमध्ये ‘औ’. तीन वेगळ्या अर्थांचे शब्द, पण प्रत्येक भाषेने तिघांनाही सारखंच वागवलं आहे. योगायोग एवढा शिस्तीचा नसतो.

इंग्रजी स्पेलिंगही साक्ष देतं. डेड आणि ब्रेडमध्ये ‘ई-ए’ (ea) ही जोडी का लिहितात, हा प्रश्न शाळेत प्रत्येकाला पडलेला असतो. जुन्या इंग्रजीत हे शब्द साधारण देआद, ब्रेआद असे लांब उच्चारले जायचे; ‘लाल’ होता रेआद. पुढे स्वर आखडला, स्पेलिंग मागे राहिलं. रंगाच्या शब्दातून तो ‘ए’ (a) गळाला, पण माणसांच्या नावात राहिला: रीड (Read) हे ब्रिटिश आडनाव म्हणजे तांबूस केसांच्या किंवा चेहऱ्याच्या कुणा पूर्वजाचं टोपणनाव. आडनावं जुने उच्चार सांभाळतात. आपल्याकडेही ती बोलण्यातून गेलेले शब्द धरून असतात.

या तुलनेतून मुळातला स्वर ‘औ’ निघतो. गॉथिक ही सर्वात आधी लिहिली गेलेली मोठी जर्मानिक भाषा. तिच्यातल्या एका ख्रिस्ती भाष्यात लाल लोकरीचा उल्लेख आहे, आणि तिथे शब्दाचं रूप येतं ‘रौदाइ’. म्हणजे ‘रौद’ एवढा भाग पक्का. राहिला शेवटचा ‘झ’. हा झऱ्यातला ‘झ’, झोपडीतलाही चालेल.

तो ‘झ’ मनाचा आहे का?

हा आक्षेप रास्त आहे. आज एकाही जर्मानिक भाषेत या शब्दाच्या शेवटी ‘झ’ नाही. मग कुणीतरी खोलीत बसून तो चिकटवला की काय?

आधी तो काय काम करतो ते पाहू. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपण रोज करतो: तांबडा घोडा, तांबडी गाय, तांबडं फूल. विशेषण नामाप्रमाणे शेपूट बदलतं. आदिजर्मानिकमध्येही तसंच होतं: पुल्लिंगी *रौदझ, स्त्रीलिंगी *रौदो, नपुंसकलिंगी *रौदं. ‘तांबडं’मधला नाकातला सूर आणि ‘*रौदं’मधला सूर हा योगायोग नाही बरं का, दोन्ही एकाच जुन्या नपुंसकलिंगी ‘-ओम्’ प्रत्ययाचे अवशेष आहेत. जर्मनने हा थाट अजून टिकवला आहे: रोटर, रोटे, रोटस. इंग्रजीने तो टाकून दिला. आपल्याकडे ‘लाल’ हा शब्द इंग्रजी ‘रेड’सारखा वागतो, लाल घोडा, लाल गाय, लाल फूल, काही बदलत नाही; तो फारसीतून आला आणि पाहुणा म्हणून कोरडाच राहिला.

आता ‘झ’चे पुरावे. डेन्मार्कमधल्या गॅलेहूस इथे १७३४ मध्ये सोन्याचं एक शिंग सापडलं. साधारण इसवी सन ४०० च्या सुमाराचं, म्हणजे आदिजर्मानिकच्या एका लेकीच्या काळातलं. त्याच्या कडेवर रून या जुन्या जर्मानिक लिपीत कोरलं होतं: ‘एक ह्लेवगस्तिझ होल्तियझ होर्न तविदो’. मी, अमुक नावाच्या होल्तियझने, हे शिंग बनवलं. पाहा, दोन शब्द ‘झ’ने संपतात. १८०२ मध्ये ते शिंग चोराने वितळवून टाकलं, पण त्याआधी कुणीतरी त्याची चित्रं काढून ठेवली होती म्हणून आज हे वाक्य आपल्याकडे आहे. एका सोनं वितळवणाऱ्या माणसामुळे जगातलं इतकं महत्त्वाचं वाक्य जाता जाता राहिलं, हे आठवलं की मला दरवेळी राग येतो.

दुसरा पुरावा शेजाऱ्यांच्या घरातला, आणि तो अधिक मजेदार. फिनिश भाषा जर्मानिक कुळातली नाहीच, तिचं घराणं पूर्ण वेगळं. पण तिने फार पूर्वी शेजाऱ्यांकडून शब्द उसने घेतले आणि लोणच्यासारखे बरणीत घालून ठेवले. इंग्रजीत राजा म्हणजे किंग. त्याचं पुनर्रचित रूप *कुनिंगझ. फिनिशमध्ये राजाला आजही काय म्हणतात? कुनिंगस. अंगठी म्हणजे रिंग, पुनर्रचित रूप *ह्रिंगझ, फिनिशमध्ये रेंगस. फिनिशमध्ये ‘झ’ ध्वनी नसल्याने ‘स’ झाला, इतकंच. मुलींनी शेपूट गमावलं, शेजारणीने ते सांभाळलं.

मग रुधिर कुठे बसतं?

काकांचा दुसरा मेसेज हाच होता. रुधिर आणि रेड यांचं नातं आहे ना? आहे. फॉरवर्डमधला तेवढा भाग खरा. फक्त ते माय-लेकींचं नातं नव्हे, मावस बहिणींचं आहे.

१८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने आणि १८२२ मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिमने (हो, परीकथांच्या दोन भावांतला मोठा) एक गोष्ट नीट मांडली. संगीत खुर्ची आठवा, पण अशी की कुणी बाद होत नाही. सगळे एक-एक खुर्ची सरकतात. जर्मानिक भाषांत व्यंजनांचं तसं झालं. जिथे आपल्याकडे ‘त’ तिथे त्यांच्याकडे ‘थ’: तीन, थ्री. जिथे आपल्याकडे ‘द’ तिथे ‘ट’: दोन, टू, दहा, टेन, दात, टूथ. आणि जिथे संस्कृतात ‘ध’ तिथे त्यांच्याकडे ‘द’, म्हणजे आपल्या कानाला इंग्रजी ‘ड’: विधवा, विडो, बंध, बाइंड, मधु आणि मीड, ही मधापासूनची दारू. रुधिर आणि रेड याच रांगेत उभे राहतात.

मग संस्कृत आई का नव्हे? कारण संस्कृताने काही गोष्टी हरवल्या आहेत ज्या इतरांकडे शाबूत आहेत. दहाला लॅटिनमध्ये डेकेम, आठला ऑक्टो. एकीकडे ‘ए’, दुसरीकडे ‘ओ’. संस्कृतात दश आणि अष्ट, दोन्हीकडे ‘अ’. तूर, मूग आणि मसूर एकत्र भरडून पीठ केलं तर त्या पिठातून पुन्हा तूर वेगळी निवडता येत नाही. लॅटिन, ग्रीक, जर्मानिक या संस्कृतातून निघाल्या असत्या तर त्या सगळ्यांना ‘ए’ आणि ‘ओ’ पुन्हा नेमक्या त्याच जागी वेगळे काढता आले नसते. उलट दिशेने, वेगळ्या डाळींचं एक पीठ, हे मात्र सहज घडतं. ग्रीकमध्ये लाल म्हणजे एरिथ्रोस. सुरुवातीचा तो ‘ए’ही मुळातल्या एका अस्फुट ध्वनीची खूण आहे, आणि संस्कृतात त्याचा मागमूस नाही. १७८६ मध्ये कोलकात्याला विल्यम जोन्स यांनी हेच म्हटलं होतं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून आल्या असाव्यात, जो उगम कदाचित आता अस्तित्वात नाही. त्या उगमालाही चांदणी लागते. लाल रंगाचा तिथला शब्द साधारण *रोउधोस असा होता.

सख्खं भावंड रुधिर नव्हे, लोह

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या हातून सगळ्यात चांगला दुवा निसटला.

*रोउधोसचा जर्मानिक वंशज *रौदझ. ‘ओ’चा ‘अ’ झाला, ‘ध’चा ‘द’, शेवटच्या ‘स’चा ‘झ’. आपल्या बाजूला त्याच शब्दाचा वंशज आधी *रौधस् असावा. दोन्ही रूपं शेजारी ठेवून पाहा: रौदझ, रौधस्. पुढे संस्कृताच्या दोन सवयी आड आल्या. एक, ‘ध’ ढिला पडून ‘ह’ होणं. दधिचं दही आणि वधूची वहू पुढच्या काळात झाली, पण काही शब्दांत ही ढिलाई वेदकाळापासून दिसते. दोन, ‘र’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल; रोहित आणि लोहित दोन्ही चालतात. या दोन्ही सवयी *रौधस्वर चालवा. उत्तर येतं: लोह.

रुधिर त्याच मुळाला वेगळा प्रत्यय लागून झालेलं आहे. ‘रेड’च्या घडणीचा, जणू एकाच साच्यातला संस्कृत शब्द आहे लोह. आणि लोहाचा मूळ अर्थ लोखंड नव्हे, लालसर. लालसर धातू म्हणजे तांबं. ज्यांच्या घरी रुद्राचं आवर्तन होतं, त्यांनी चमकात ‘श्यामं च मे लोहं च मे’ ऐकलेलं असतं. काळा धातू आणि लाल धातू. श्याम म्हणजे लोखंड, लोह म्हणजे तांबं. पुढे धातूंच्या जगात लोखंडाचं राज्य आलं आणि त्याने नावही बळकावलं. लोहाचा तुकडा तो लोहखंड, म्हणजे आपलं लोखंड. लोहार, लोहगड, लोहमार्ग, सगळे मुळात ‘लाल’ आहेत. मराठीने रंगासाठी मात्र दुसरीकडून शब्द घेतले: तांबडा ताम्रावरून, लाल फारसीवरून.

आता पुन्हा फिनलंडला चला. तिथे लोखंडाला म्हणतात रौता. हा शब्दही जर्मानिक ‘रौद’वरूनच घेतलेला मानतात. उत्तरेकडे दलदलीच्या तळाशी तांबूस मातीसारखं खनिज साचतं. ती लाल माती भाजून लोखंड काढायचे. जुन्या नॉर्स, म्हणजे आइसलँडिकच्या आईच्या, भाषेत त्या खनिजाला रौदी म्हणत. म्हणजे एका टोकाला आपण, तांब्याच्या वाटेने, आणि दुसऱ्या टोकाला फिनिश, मातीच्या वाटेने, एकमेकांना न विचारता ‘लाल’पासून ‘लोखंड’पर्यंत पोचलो.

बाकी गोतावळा

रोहित हे नाव घरोघरी आहे, अर्थ लाल. त्याचं स्त्रीलिंग काय? पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘वर्णादनुदात्तात्तोपधात्तो नः’; काही रंगवाचक शब्दांत स्त्रीलिंग करताना ‘त’चा विकल्पाने ‘न’ होतो. म्हणून रोहिताच्या जोडीला रोहिणी. लाल गाय ती रोहिणी, आणि आकाशातली रोहिणीही तिच्या तांबूस रंगावरून. थंडीच्या रात्री मृगाच्या वरच्या बाजूला ती नुसत्या डोळ्यांनी तांबूस दिसते. रोहू मासाही याच घरचा.

तिकडे ग्रीनलंड वसवणारा एरिक, दहाव्या शतकातला, ‘एरिक रौदी’ म्हणजे तांबडा एरिक म्हणून ओळखला जातो. रोथशिल्ड या धनाढ्य घराण्याचं नाव फ्रँकफर्टमधल्या घरावरच्या लाल ढालीच्या खुणेवरून पडलं. हल्ली कॅफेत मिळणारा रूइबॉस चहा म्हणजे आफ्रिकान्स भाषेत लाल झुडूप.

आणि रक्ततपासणीचा कागद काढा. त्यावर आरबीसी असतं, त्यातला आर म्हणजे रेड. ईएसआर असतं, त्यातला ई म्हणजे एरिथ्रोसाइट, ग्रीक एरिथ्रोसवरून. रूबेला हा आजार लॅटिनकडून. एकाच शब्दाच्या तीन शाखा लॅबच्या एका पाकिटात.

ग्रीकांनी याच शब्दावरून एका समुद्राला एरिथ्रियन, म्हणजे लाल समुद्र, म्हटलं. ते नाव आजच्या तांबड्या समुद्रापुरतं नव्हतं. अरबी समुद्रही त्यात यायचा. पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक व्यापारी वर्णन याच समुद्राचं, आणि त्यात सोपारा, कल्याण, पैठण, तेर यांची नावं आहेत. त्या अर्थी कोकण किनारा दोन हजार वर्षांपूर्वी ‘रेड’च्या चुलत शब्दाच्या काठावर वसलेला होता.

मग सारखा दिसतो तो प्रत्येक शब्द नातलग?

मुळीच नाही, आणि इथेच बहुतेक फॉरवर्ड घसरतात. फारसीत वाईट म्हणजे बद. बदनाम, बदमाश आपणही म्हणतो. इंग्रजीत वाईट म्हणजे बॅड. आवाज तोच, अर्थ तोच, नातं शून्य. दोघांची जुनी रूपं मागे नेली की वाटा फाकतात.

रक्त आणि रेडचंही तसंच. दोन्हीत ‘र’, दोन्ही लाल. पण रक्त म्हणजे रंगवलेलं, रंज् धातूपासून. त्याची भावंडं रंग, रंजन, आणि कोकणातला रातांबा. ‘रेड’शी त्याचा संबंध नाही.

आणि तो डेंटिस्ट! ‘दंत’शी त्याचं नातं आहे खरं, पण तो इंग्रजीच्या घरचा नव्हे, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. म्हणून त्याच्यात ‘ड’ आहे. इंग्रजीचा स्वतःचा दात ‘टूथ’ आहे, संगीत खुर्चीच्या नियमाप्रमाणे ‘ट’ असलेला. थोडक्यात, जो इंग्रजी शब्द संस्कृतासारखा फार जास्त दिसतो, त्याच्याकडे आधी संशयाने पाहायचं.

भारतातून खरोखर इंग्रजीत गेलेले शब्द वेगळे. नारंग फारसी, अरबी अशा मुक्कामांनी युरोपात गेलं आणि ऑरेंज झालं. हा प्रवासी, नातलग नव्हे. ते फळ आणि नाव पोचण्याआधी इंग्रजीकडे नारिंगी रंगाला स्वतंत्र शब्दच नव्हता, म्हणून तिथला कोल्हा, रॉबिन पक्ष्याची छाती, तांबूस केस, सगळं आजही ‘रेड’ म्हणवतं. डोळ्यांना नारिंगी दिसतं, पण नाव आधीच पडून गेलेलं.

आपलं आणि त्यांचं रक्त एक?

या प्रश्नावर ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडतात, म्हणून एवढंच: भाषेचं नातं हे भाषेचं असतं. न्यूजर्सीत वाढलेली आपली नात अस्खलित इंग्रजी बोलते, म्हणून तिचे पूर्वज अँग्लो-सॅक्सन होत नाहीत. *रोउधोस बोलणारे लोक कोण, कुठले, कसे पसरले, हा उत्खननं आणि जनुकशास्त्राचा वाद आहे. ‘रेड’ आणि ‘लोह’ एका साच्यातले आहेत की नाही, हे त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही.

काकांना हे सगळं तुकड्या-तुकड्यांत पाठवलं. रात्री उशिरा त्यांचा मेसेज आला: “मग व्हाइट आणि श्वेत?”

प्रश्न फार चांगला होता. आदिजर्मानिक रूप *ह्वीतझ; सुरुवातीचा ‘श्व’ आणि ‘ह्व’ नियमाने जुळतात, धातू एकच. पण शेवट पाहा. ‘श्वेत’मध्ये ‘त’ आहे, आणि ‘त’ असेल तिथे इंग्रजीत ‘थ’ हवा, तीन-थ्रीसारखा. ‘व्हाइट’मध्ये ‘ट’ आहे. इथे खुर्ची चुकली. म्हणून ‘व्हाइट’ला मुळात वेगळा प्रत्यय लागला असावा असं मानावं लागतं, आणि तो कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काकांना मी एवढंच लिहिलं: “बहिणी आहेत, पण शेवटच्या अक्षरावर तंटा चालू आहे.”

त्यावर त्यांनी नुसती चांदणी पाठवली.